एक थेंब

"पुन्हा नाकावर," शालन डोळा मिटत म्हणाली.

हणमंतरावांनी औषधाची बाटली सावरली. दूध संघाच्या पावडर प्लँटवर त्यांची हयात गेली होती. गरम हवेच्या उंच टाकीत दुधाचा फवारा सोडायचा, तर थेंब न् थेंब सारखाच हवा. मोठा असला तर ओला राहतो, बारका असला तर करपतो. कुणाच्या चहात त्यांची पावडर गुठळी न होता विरघळली, की त्यांची कॉलर ताठ व्हायची. आणि आज बायकोच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात एक थेंब पडत नव्हता.

"जन्मभर थेंबच पाडलेत ना?"

"त्या टाकीला दुखत नव्हतं," ते पुटपुटले.

तिनं त्यांचं मनगट धरून आपल्या कपाळावर टेकवलं. थेंब बरोबर डोळ्यात पडला.

जरा वेळानं तिनं डोळा उघडला आणि कितीतरी वर्षांनी नवरा तिला लख्ख दिसला. तिचा हात सवयीनं वर गेला. नोकरीत असताना ते डोक्यावर पावडर घेऊनच घरी यायचे, आणि झटकल्याशिवाय ती त्यांना उंबरा ओलांडू द्यायची नाही. आताही तिनं त्यांचे केस झटकले. पुन्हा झटकले. पांढरं काही जाईना.

"निघत नाही हो."

"राहू दे," ते म्हणाले. "ही पावडर प्लँटची नाही, घरची आहे."