पांढरी कोंबडी

क्लिफर्डची थोरली लग्न होऊन लीड्सला गेली, त्या वर्षीची गोष्ट. गावच्या कोंबड्यांच्या प्रदर्शनात पांढऱ्या कोंबडीचा पहिला नंबर त्याआधी आठ वर्षं दरीपलीकडच्या विल्फनेच नेला होता. दर वर्षी क्लिफर्ड त्याच्या पिंजऱ्यापुढे वाकायचा आणि कोंबडीच्या पायांच्या खवल्यांत मळ शोधायचा. तो कधी सापडला नाही. घरी आल्यावर त्याला आपल्या कोंबड्या पिवळट दिसायच्या आणि रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही.

या खेपेला मात्र विल्फची कोंबडी चक्क निळी निघाली. प्रदर्शनाआधी कोंबडी धुताना शेवटच्या पाण्यात नीळ जास्त पडली की असं होतं. लोक तोंड फिरवून हसत होते. परीक्षकाने पहिल्या नंबराचं कार्ड क्लिफर्डच्या पिंजऱ्याला खोचलं. तरी त्याची आग शमेना. तो विल्फजवळ गेला.

"काय रे, धुतलीस की रंगवलीस?"

"अंदाज चुकला."

"आठ वर्षं बरा नाही चुकला?"

विल्फने टोपी काढून हातात धरली. "आठ वर्षं आमची हिल्डा धूत होती. मी नुसतं पाणी तापवून द्यायचो. नीळ किती घालायची, ते तिला कधी विचारलंच नाही बघ."

"मग आता विचार की घरी जाऊन," क्लिफर्ड म्हणाला.

विल्फची बायको हिल्डा त्या वर्षी ऑक्टोबरच्या बारा तारखेला वारली. प्रदर्शन तीस तारखेला होतं.