हाताला येणारी कडी

भुंगीची गुणगुण थांबली होती. मातीकाम करताना ही चार वर्षांची पोर सतत गुणगुणायची, म्हणून तिचं नावच भुंगी पडलं होतं. बालवर्गाच्या ताईंनी मान वर केली. पाटावर ओली माती होती, भुंगी नव्हती.

ताईंनी निवांत कोपऱ्याचा पडदा सारला. तिथे नुसती उशी. मग त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली. दार फटभर उघडं होतं. कडीवर मातीची इवलीशी बोटं उमटली होती, अजून ओली.

ही कडी ताईंमुळेच खाली आली होती. सुट्टीत त्या गुडघ्यांवर वर्गभर फिरल्या होत्या, पोरांच्या उंचीवरून खोली कशी दिसते ते बघायला. सुतारकाकांना म्हणाल्या, "सगळं यांच्या हाताला आलं पाहिजे." खुंट्या, फळ्या, आरसा सगळं खाली आलं. सुतारकाकांनी न सांगता कडीही खाली घेतली, आणि ताईंनी त्यांचं तोंडभर कौतुक केलं होतं.

"मावशी," ताई हसऱ्या आवाजात म्हणाल्या. एक पोर घाबरलं की अख्खा वर्ग गळा काढतो. "जरा यांच्यापाशी बसता?"

मावशींनी दाराकडे पाहिलं. हातातला झाडू खाली पडला. "अगं बाई! बाहेर रस्ता—"

"गोष्ट सांगा त्यांना. कुठलीही."

अंगण रिकामं होतं. पाण्याची टाकी ओलांडल्यावर फाटक दिसलं. फाटकाशी वर्गातलं स्टूल होतं आणि स्टुलावर, टाचा उंचावून, भुंगी. एका मुठीत मातीची चिमणी. दुसऱ्या हाताने ती फाटकाची कडी सरकवत होती. कडी निम्म्याहून अधिक सरकली होती. एक ट्रक इतक्या जवळून गेला की फाटक थरथरलं. रस्त्यापलीकडे, शिवणकामाच्या दुकानात, तिची आई मशीनवर वाकलेली.

हाक मारावी तर पोर दचकेल, स्टूल कलंडेल, फाटक उघडेल. ताईंनी चपला तिथेच काढल्या. अनवाणी, श्वास रोखून, एकेक पाऊल टाकत त्या गेल्या आणि मागून तिच्या कमरेला मिठी घातली.

"ताई, सोड ना! आईला चिमणी दाखवायचीय. तूच म्हणतेस ना, हात पोचला नाही तर रडायचं नाही, स्टूल आणायचं."

वर्गात मावशींची गोष्ट एकाच जागी अडकली होती. "मग वाघ आला... मग आणखी एक वाघ आला..."

"किती वाघ, मावशी?" कुणीतरी वैतागून विचारलं.

भुंगीला बघताच मावशींनी गोष्ट अर्ध्यावर टाकली. "त्या मेल्या कडीला आजच वर घ्यायला लावते. पार वर!"

ताई हो म्हणायला गेल्या, पण डोळेच भरून आले. त्यांच्या कडेवरून भुंगीने त्यांचा चेहरा नीट निरखला. मातीने बरबटलेला हात त्यांच्या गालावर ठेवून ती समजुतीने म्हणाली,

"रडू नको, ताई. घेऊ दे वर. आपल्याकडे स्टूल आहे ना."