लातूरचं गिऱ्हाईक

खोबऱ्याचा डबा पुन्हा रिकामा निघाला आणि शेषेरावांचं डोकं सणकलं.

"सिंधु, मागल्या बाजारी दोन किलो आणलं व्हतं. गेलं कुठं?"

"उंदरानं खाल्लं असंल," सिंधु चुलीपुढून म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

"माझ्या उंदरांनी नाही हं, मामा," सून तनुजा पडवीतून बोलली. "ते टबाच्या बाहेर येत नाहीत."

"मग काय मी खाल्लं?"

तनुजा पुन्हा आपल्या टबांकडं वळली.

लोह्याजवळच्या त्या गावात शेषेरावांना लहानथोर सगळेच अण्णा म्हणत. भांडण असो की सोयरीक, शेवटचा शब्द अण्णाचा. त्या अण्णाच्या गोठ्यात, बैलं विकल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत, वर्षभरापासून उंदीर वाढत होते. आणि तेही साधे नव्हेत, आफ्रिकेतले. मऊ तपकिरी केसांचे, पण बोट दिसलं की चावणारे. शहरातले हौशी लोक परदेशी अजगर पाळतात. त्यातले काही अजगर पांढऱ्या उंदराकडं ढुंकूनही बघत नाहीत, ह्या आफ्रिकी उंदरावर मात्र तुटून पडतात. नांदेडला बीएस्सी झालेल्या तनुजानं ते हेरलं. आता तिचा माल बर्फात गोठून पुण्या-हैदराबादला जायचा. तिचा नवरा दयानंद बायकोला नको म्हणायला शिकलाच नव्हता.

शेषेरावांना मात्र हे सोसत नव्हतं.

"गणपतीचं वाहन सापाच्या तोंडी देऊन राहिलीस. सात पिढ्यांत असला धंदा कुणी केला न्हाई."

"तुरीच्या खोलीत तुम्हीच औषध ठेवता, मामा. तिथं मरतात ते कुणाचं वाहन?"

"ते नासधूस करतात म्हून. तू पोटच्या पोरागत वाढवतीस आन मग मारतीस."

"वाढवते तोवर नीट वाढवते. तुमच्या औषधानं तडफडतात तसे माझे तडफडत नाहीत."

शेषेरावांचा राग दुप्पट झाला.

एक वेळ धंदाही त्यांनी पोटात घातला असता, पण ते लातूरचं गिऱ्हाईक त्यांच्या घशात अडकलं होतं. तिथल्या कुणा साहेबाचा अजगर गोठवलेलं खात नाही, त्याला जित्तंच लागतं, म्हणून तनुजा दर मंगळवारी भोकं पाडलेलं खोकं घेऊन स्वतः एसटीनं जायची आणि दिवेलागणीला परत यायची.

"त्या साहेबाला नाव हाय का न्हाई? पारावर लोक विचारतात, अण्णा, सूनबाई दर मंगळवारी कुठं जाती? काय सांगू?"

"उंदीर द्यायला जाते म्हणून सांगा."

"दयानंदला सोबत ने."

"त्यांना वासानं मळमळतं."

ते खरंच होतं. त्या खोक्याला घरात कुणी हात लावत नसे. कंडक्टरसुद्धा ते बघून तिला मागच्या बाकावर एकटीला बसवायचा.

"जाऊ द्या की तिला," सिंधु म्हणाली. "पोर कष्टाची हाय."

पाल दिसली तरी बाजेवर चढणारी ही बाई उंदरांची बाजू घेत होती. आपलीच बायको फितूर झाली, असं शेषेरावांना वाटलं.

"एकीच्या नावानं आंघोळ करून बसलोय," ते म्हणाले. "आता दुसरीपायी तोंड लपवायची पाळी आणू नका."

सिंधुनं पदरानं तोंड पुसलं आणि चुलीत लाकूड सारलं. शिवांगीनं, त्यांच्या मुलीनं, दोन वर्षांमागं आपल्या पसंतीनं परजातीच्या पोराशी कोर्टात लग्न केलं होतं. तेव्हापासून तिचं नाव घरात काढायचं नाही, असा अण्णाचा शब्द होता. ती पुण्याकडं कुठंतरी असते, एवढंच त्यांच्या कानावर होतं.

पुढच्या मंगळवारी शेषेरावांनी घरी सांगितलं, लोह्याला बँकेत जातो. फाट्यावर त्यांनी दस्ती तोंडाला गुंडाळली. उन्हाळ्याचे दिवस, अर्धी एसटी तशीच तोंडं बांधून बसलेली. तनुजानं त्यांना ओळखलं नाही. पुढच्या बाकावरून ते अधूनमधून मान वळवून बघत होते. सुनेनं खोकं मांडीवर घेतलं होतं, दोन्ही हातांनी धरून. अहमदपूर गेलं, तरी आतून चूं की चां नाही. भ्याले असतील बिचारे, असं त्यांना वाटलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

लातूरला उतरून ती स्टँडमागच्या गल्ल्यांतून भराभर चालली. एकदाही तिला वाट विचारावी लागली नाही. शेषेराव मागं होते. साहेबाला काय काय बोलायचं, त्याची त्यांनी वाटेत मनात उजळणी केली होती. तुझ्या हौसेपायी माझी सून गावात बदनाम व्हायली. तुझा साप उपाशी मरू दे. पुन्हा माझ्या घरचं माणूस ह्या उंबऱ्यावर दिसलं तर माझ्याएवढा वाईट कुणी न्हाई.

एका बैठ्या घरापाशी तनुजा थांबली. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. नुसतं ढकललं, चपला काढल्या आणि आत शिरली.

परक्याच्या घरात, अशी. शेषेरावांची कानशिलं तापली. त्यांनी तोंडावरची दस्ती ओढून काढली, पायऱ्या चढले आणि अर्धवट लोटलेल्या दारावर हात ठेवला.

आतून एका बाईचा दबका आवाज आला.

"वैनी, खोकं हळू ठेवा, बाळ आत्ताच झोपलंय. आईनं काय काय दिलंय?" आणि मग त्याहून हळू, "आन अण्णाला काई कळलं न्हाई ना?"