हातमोजेवाल्याची मांजर

"सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून पडलाय," अण्णा म्हणाले, आणि कुणी बसा म्हणायच्या आत जावयाच्या खुर्चीत बसले.

टेबलावर जावयाच्या नव्या इंग्रजी कोशाची शेवटची प्रुफं पसरली होती. अर्धी त्याने वाचली होती, अर्धी अण्णांच्या लेकीने. वरच्या पानावर तिने 'छापा' लिहून सही करायची, एवढंच उरलं होतं. मुखपृष्ठावर नवऱ्याच्या नावाखाली तिचंही नाव होतं. अण्णांच्या कोशातली एक ओळही उचललेली नाही, अशी तिच्या गळ्याची शपथ त्याने घेतली, तेव्हा कुठे ती या कामाला बसली होती.

अण्णांचं अर्धं आयुष्य त्यांच्या कोशात गेलं. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या जावयाने आपला दीड वर्षात उरकला. एवढ्यात तर घराला रंगही लावून होत नाही, असं अण्णा भेटेल त्याला सांगत.

"कुठला शब्द, अण्णा?" लेकीने पेनाचं टोपण काढत विचारलं.

अण्णांनी जावयाच्या गठ्ठ्यातलं एक पान चिमटीत उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं. "श्रिव्हल. सुरकुतणे, आक्रसणे, वाळून गोळा होणे. शिवाय, शरमेने माणूस एवढासा होणे. अर्थ चोख दिलेत. आणि मूळ? एका हातमोजेवाल्याचं आडनाव."

"त्याचं मूळ अज्ञात आहे ना? उत्तर युरोपातल्या कुठल्याशा बोलीत सुरकुतण्याला जवळचा शब्द आहे, एवढंच सगळे सांगतात."

"सगळे सांगतात," जावई म्हणाला. "मी शोधलं. ते पान माझ्या वाटणीचं आहे, तू राहू दे."

"माझ्याही कोशात हातमोजेवालाच आहे, जावईबापू."

"विहीर एकच असली की पाणी सारखंच लागणार, अण्णा."

"अगदी बरोबर. फक्त खणलेली एकाने असते."

लेक दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. लहानपणी ऐकलेलं काहीतरी तिच्या कानाशी आलं आणि परत गेलं.

अण्णा खुर्चीत मागे रेलले. आता त्यांना घाई नव्हती. "तर हा गृहस्थ कच्च्या कातड्याचे हातमोजे विकायचा. दुकानात झकास बसायचे. बाहेर पाऊस लागला की आक्रसायला लागायचे, आणि आतल्या हातासकट. एका न्यायाधीशाचा पंजा तान्ह्या पोराएवढा झाला. त्याला हातोडा उचलेना, म्हणून त्या वर्षी कुणाला शिक्षाच झाली नाही. शेवटी लोकांनी हातमोजेवाल्याला चौकात उभं केलं. तो शरमेने असा आक्रसला, असा आक्रसला, की आपल्याच एका मोज्यात मावला. तो कुणीतरी खिशात घालून नेला."

"ही थट्टा झाली," जावई म्हणाला. "पण माणूस खरा होता. मी जुन्या व्यापाऱ्यांची दप्तरं चाळलीत. तुम्ही घरबसल्या लिहिलंत, मी जाऊन पाहिलंय."

"मग तर बरंच झालं. माझ्या काही शंका होत्या. दुकान नदीकाठी होतं ना?"

"नदीकाठीच. पुलाच्या खाली."

"मला पूल माहीत नव्हता. बायको एका डोळ्याने अधू होती म्हणतात."

जावयाने बायकोकडे पाहिलं. ती ऐकत होती. तिच्यासमोर माघार घेणं त्याला जमेना. "डाव्या," तो म्हणाला.

"डाव्या का? वा. हे कोशात घालायला हवं होतंत."

"कोशात सगळंच घालायचं नसतं. तुमचा कोश त्यामुळेच फुगलाय."

"असेल. म्हाताऱ्याचा हात सैल." अण्णांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "एवढंच शेवटचं. त्याच्या दुकानात एक मांजर होती, तिला तो हातमोजे घालून बसवायचा. चार पायांना चार. ही लोकांनी उठवलेली कंडी, की खरंच होती?"

लेकीचा पेन कागदावर टेकला होता. 'छा' लिहून झालं होतं. तो तिथेच थांबला.

"कंडी कशाला? होती," जावई म्हणाला. "काळी मांजर. गिऱ्हाईक आलं की दारात येऊन बसायची. नोंद आहे तशी. अजून काही विचारायचंय, की आम्ही आमचं काम करू?"

"नाही बुवा. माझं समाधान झालं," अण्णा म्हणाले.

लेकीचा डावा हात आपल्या गळ्यापाशी गेला होता. तिने तो खाली घेतला आणि पेनाला टोपण लावलं.

"पांढरी," ती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मांजर पांढरी होती. मी सहा वर्षांची होते. आंघोळीला फार वेळ पाण्यात बसले, बोटांना सुरकुत्या पडल्या आणि आता आपण म्हाताऱ्या झालो म्हणून रडायला लागले. मला हसवायला अण्णांनी तिथेच हातमोजेवाला रचला. तो त्यांनी पुढे चोर धरायला कोशात पेरला असेल, ते मला माहीत नाही. पण मांजर कुठल्याच कोशात नाही. ती मी घातली होती, बादलीत बसून."

तिने नवऱ्याच्या गठ्ठ्यातलं ते पान त्याच्यापुढे सरकवलं.

"तुला ती दारात बसलेली कुठे दिसली?"