दिव्यानीने सांगितलेली वाट

मोहाची फुलं वेचायला गेलेल्या आईला वाघाने नेलं, त्या पहाटेपासून चौथीतल्या दिव्यानीने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. प्रफुल सर शाळेच्या अंगणात खडूने रस्ते आखत आणि पोरांना त्यावरून चालवत इंग्रजीतून वाट विचारायला, सांगायला शिकवत. बाकीची पोरं चिवचिवत. ही कडेला उभी, ओठ शिवल्यासारखी.

"एकच वाक्य बोल न माय," सर विनवत. "मंग पुन्हा नाई म्हणत तुले."

आज फाटकाशी पर्यटकांची जिप्सी थांबली. वाघ पाहायला येणारी ही माणसं गावात धूळ आणि वेफर्सची पाकिटं टाकून जात. सरांना त्यांचा तिटकाराच होता. पण गॉगलवाल्या बाईने मोबाइल पुढे धरून काही विचारलं आणि दिव्यानी चक्क बोलली, "गो स्ट्रेट. टर्न लेफ्ट नियर द तलाव. स्टॉप ॲट द बिग मोह ट्री."

व्हरांड्यात उभ्या सरांचे डोळे भरून आले. बाईने पोरीच्या हातावर चॉकलेट ठेवलं, गाडी निघाली.

"शाब्बास माय. कुठी जाचं होतं त्यायले?"

"मोबाइलात आईची बातमी होती, सर. वाघानं तिले जिथी खाल्लं, ते जागा पाहाची होती त्यायले. फोटो काढाले."

सर फाटकाबाहेर धावले, पण गाडी तलावापाशी वळलीसुद्धा होती.

 

मागून दिव्यानीने हळूच विचारलं, "सर, मी लेफ्ट बराबर सांगतलं न?"