कुठलं दृश्य?

टर्रकन घंटा वाजली. पडद्यावरचं खारीचं पिल्लू तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजलं आणि खोलीतले दिवे लागले. मागच्या झरोक्यातून ऑपरेटरने नेहमीचा प्रश्न टाकला, "कुठलं दृश्य?"

"हेच की!" नाना म्हणाले. "उलट बोलतंय बघा कसं!"

नाना म्हणजे समितीचे अध्यक्ष. मुलांसाठी आलेला सिनेमा मुलांनी बघण्याजोगा आहे की नाही, हे ठरवणारी तीन माणसांची समिती. तिघांपैकी एकाच्याही घरात आता लहान मूल नव्हतं, हा भाग वेगळा. प्रत्येक खुर्चीला घंटेचं एक बटण. काही खटकलं की दाबायचं. सिनेमा थांबतो, दिवे लागतात, ऑपरेटर विचारतो, मग चर्चा. नानांचं बटण दाबून दाबून गुळगुळीत झालं होतं. बालवाडीच्या बाईंचं मात्र अजून कोरं करकरीत होतं.

ॲनिमेशनचा हा सिनेमा तसा गोडच होता. झाडाच्या ढोलीत खारीचं कुटुंब, आणि दर खेपेला अक्रोड घेऊन येणारे गलेलठ्ठ बेडूककाका. आले की पिल्लाला मांडीवर ओढायचे, गालगुच्चे घ्यायचे. सगळं घर खिदळायचं. या खेपेला पिल्लाने मांडीवरून टुणकन उडी मारली आणि ते म्हणालं, "काका, मला हात लावू नका. मला नाही आवडत." आजोबांनी डोळे वटारले, तर तेच पुन्हा, आणखी मोठ्याने. झालं, एवढंच दृश्य. एक जांभई द्यावी तेवढ्यात संपणारं.

"घरी आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर बोलायचं?" नाना तापले होते. "उद्या घरोघरी कार्टी हेच सुरू करतील. कापा ते."

"तसं कापलं तर गोष्टीला काही फरक पडत नाही," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले. लहान मुलांचे डॉक्टर म्हणून त्यांना समितीत घेतलं होतं, पण त्यांचं सगळं मत त्या एका 'तसं'मध्ये मावायचं.

"कापायचं नाही," बाई म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिलं. समितीत आल्यापासून बाईंच्या तोंडून 'चालेल' आणि 'मला बिनसाखरेचा' याखेरीज काही निघालं नव्हतं. आणि पंचाईत अशी, की तिघांचं एकमत झाल्याशिवाय कात्री चालत नसे.

"का गं बाई?" नाना हसून म्हणाले.

"माझ्या वर्गात एक मुलगी आहे, नाना. न्यायला काका आला की माझ्या मागे दडते. का, ते तिला सांगता येत नाही. शब्दच नाहीत तिच्याकडे." बाईंनी पडद्याकडे बोट केलं. "ते या पिल्लाकडे आहेत. तिला ऐकू दे."

"अगं, सगळेच काका काही तसले नसतात!"

"मग त्यांना या दृश्याचा त्रासही होणार नाही."

डॉक्टर खाकरले. नानांनी क्षणभर ओठ आवळले, मग पुन्हा हसले. "बरं बाई, तुझ्यासाठी आणखी एकदा बघू. मग तूच म्हणशील, कापा म्हणून. चला हो, जरा मागे घेऊन लावा!"

दिवे गेले. नाना आपल्या खुर्चीतून उठून बाईंच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. कुणाची समजूत घालायची तर ते असेच जवळ येत. अंधारात त्यांचा हात बाईंच्या खांद्यावर आला. तो नेहमीच यायचा. जिन्यात यायचा, चहाच्या वेळी यायचा, निरोप घेताना तर हमखास. नानांचा स्वभावच मायाळू, असं सगळे म्हणत. बाई दर वेळी पेन खाली पाडत आणि ते उचलायला वाकत. किती वेळा पाडणार माणूस पेन?

"मुलीसारखी आहेस तू मला," नाना कानाशी म्हणाले. "कशाला हट्ट करतेस उगाच?"

हात खांद्यावरून मानेवर सरकला आणि अंगठा तिथे हळूहळू फिरू लागला.

पडद्यावर पिल्लाने उडी मारली. "काका, मला हात लावू नका."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. नानांचा राग होताच. त्याहून जास्त स्वतःचा आला. नाकाला शेंबूड असलेल्या एवढ्याशा पोरीने बोलावं म्हणून आपण इथे भांडतोय, आणि आपण? आपण पेन पाडतोय!

त्यांनी बटण दाबलं. जोर लावून दाबलं, आणि दाबूनच धरलं.

घंटा किंचाळत राहिली. पिल्लू तोंड उघडं ठेवून थिजलं. भक्कन दिवे लागले. नानांनी हात मागे घ्यायची घाई केली, पण दिव्यांची घाई जास्त होती. डॉक्टरांनी वळून पाहिलं. घड्याळाकडे बघायचं या वेळी त्यांना सुचलं नाही.

"कुठलं दृश्य, बाई?" झरोक्यातून प्रश्न आला.

बाईंनी बटण सोडलं.

"पडद्यावरचं नाही," त्या म्हणाल्या. मग नानांकडे वळल्या आणि वर्गात शेवटच्या रांगेला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या, "नाना, मला हात लावू नका. मला नाही आवडत."

"अगं, काय हे... लावा हो, पुढे लावा सिनेमा," नाना झरोक्याकडे हात हलवत म्हणाले. "दिवे घालवा."

ऑपरेटरने दिवे घालवले नाहीत.