नाव, गाव, वार

नाव सांग.

"गुणवंत."

गाव सांग.

"घोडबंदर."

आज वार कोणता?

"बुधवार."

आता उगवतीकडे तोंड. दोन्ही हात पुढे.

सासू थांबते तितकाच वेळ दिव्या वाटी हवेत धरून थांबली. मग त्या पसरलेल्या तळव्यांवर ती ठेवली. गुणवंतने उन्हाकडे तोंड केलं, मान मागे टाकली आणि डोळे न मिटता एका घोटात औषध संपवलं. डोळे मिटायचे नाहीत, हाही नियमच.

"मंदामावशी कुठाय?"

"डोंगरीला मयत आहे. पहाटेच गेल्या. आज मीच."

"बघ हां. गुण आला नाय तर रिक्षा घेऊन पुन्हा येईन, भाडं तुझ्याकडून घेईन."

दिव्या हसली. एकटीने वाटी द्यायची तिची ही पहिलीच सकाळ. चेणे गावातली मंदा काविळीचं औषध देते हे पार भाईंदरपर्यंत ठाऊक. पैसे घेत नाही. तीन सकाळी, उपाशीपोटी, ज्याचं त्याने यायचं. ऊन अंगणात उतरल्याशिवाय वाटी नाही, मग कुणाची ऑफिसची वेळ टळली तरी. चार वर्षं दिव्या नुसती बाजूला उभी राहून बघत होती. या पावसाळ्यात सासूने तिला ओढ्याकाठी नेलं आणि पाला दाखवला. भुईआवळी. वीतभर झाड, चिंचेसारखी बारीक पानं.

"वरून सगळा पाला सारखाच दिसतो," मंदा म्हणाली होती. "उलटून बघायचं."

दिव्याने डहाळी उलटली होती. पानांच्या खाली, ओळीने, मोहरीएवढी फळं. आणि त्यांच्यामध्ये फूल, इतकं फिकं की आधी दिसलंच नाही. मुळासकट उपटायचं, वाटायचं, ताकात कालवायचं. पण एवढ्याने गुण येत नसणार. आणखी काहीतरी असणारच. तीन प्रश्नांत असेल. उगवतीत असेल. सासू सांगेल, वेळ आली की.

रांगेत सहावी एक बाई होती. एकटीच.

"मी संजना. नीरजची बायको. दोन दिवस येतोय ना आम्ही, मीरा रोडवरून." तिच्या हातात स्टीलचा डबा होता. "आज तिसरा दिवस. ते झोपलेत हो ताई. रात्रभर डोळा नाही, आत्ता कुठे लागलाय. उठवावंसं वाटेना. यात द्याल?"

ज्याचं त्याने यायचं.

पण दोन वाट्या झाल्यात. तिसरी चुकली तर आधीच्या दोन फुकट. आणि बाई इतक्या लांबून आलीय.

दिव्याने नियम मोडला नाही. म्हणजे, तिला तसं वाटलं. तिने संजनाला उगवतीकडे उभं केलं.

नाव सांग.

"नीरज."

गाव सांग.

"मीरा रोड."

आज वार कोणता?

"बुधवार."

डबा भरून दिला.

दहाच्या सुमारास मंदा परत आली. ओलेत्यानेच ओट्यावर बसली. "किती झाले?"

"सहा. पाच आले होते. एकाचं त्याच्या बायकोने नेलं." दिव्या घाईने म्हणाली, "पण सगळं विचारलं मी, आई. नाव, गाव, वार. काही सोडलं नाही."

"वार कोणी सांगितला?"

"तिनेच."

मंदा उठली. "आणि तो?"

"झोपलाय. रात्रभर जागा होता म्हणे."

"रातचा जागा, दिसा झोपलेला." मंदा तिच्याकडे वळली. "काल वाटी घेताना हात जरासा हालला त्याचा. म्हटलं, उद्या बघू. फोन लाव. उठवायला सांग. वार विचारायला सांग."

दिव्याने स्पीकर लावला. पलीकडे संजना आधी हसली. मग तिचा आवाज खोलीत लांब गेला. "अहो. अहो, उठा जरा. आज वार कोणता?"

एक जड, चिकट आवाज आला.

"आई कुठाय?"

"अहो, काय बोलताय?" संजना फोनजवळ आली, तिला दम लागला होता. "सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली हो मावशी..."

"डब्यातलं औषध ओतून टाक," मंदा म्हणाली. "थेंब बी देऊ नको. हॉस्पिटलात ने. आत्ता. रिक्षा शोधत बसू नको, अँब्युलन्स बोलाव. आणि तिथं हेच सांग, वार न्हाय सांगता येत म्हणून."

संध्याकाळी संजनाचा फोन आला. लिव्हरचा त्रास मेंदूपर्यंत गेला होता. नीरज आयसीयूत होता, पण औषधांना साथ देत होता. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकलं असतं तर सांगता आलं नसतं. वाराचं कुणाच्या लक्षात आलं, असंही त्यांनी विचारलं.

दिव्याने फोन ठेवला. उद्यासाठी आणलेला पाला समोर पडला होता. ती एकेक डहाळी उचलून उलटी करत राहिली. उगवतीचं ऊन, उघडे डोळे, म्हणजे पिवळेपणा दिसतो. पुढे केलेले हात. ज्याचं त्याने यायचं. एकेक नियमही तसाच उलटून दिसत होता.

"आई, खरं सांगा. वाटीत आणखी काय घालता?"

"ताक."

"तेवढंच?"

"तेवढंच. औषध जुन्या काळापासूनचं हाय, त्याचा गुण असेल तेवढा येतो."

"मग सरळ डोळे बघायचे, हात बघायचे. हा पाला कशाला?"

मंदाने निवडलेली जुडी तिच्या पदरात टाकली.

"अगं, नुसतं तोंड दाखवायला कोण येतंय तीन दिस?"